व्हॉइस बदला, की स्वतः वाक्यं लिहा?

इंग्रजी व्याकरण शिकताना 'व्हॉइस बदला' (कर्तरी वाक्याचं कर्मणी करा) छापाचे प्रश्न सोडवत बसायचं, की आजूबाजूचं बघून स्वतः वाक्यं लिहायची? दहावी-बारावीच्या मुलांना मी दुसरा मार्ग सुचवते, पण पहिला अगदी सोडू नका. क्रियापदाचं तिसरं रूप तोंडात बसतं ते रूपांतरानेच: वीव्ह, वोव्ह, वोव्हन.

मात्र त्या सरावात प्रत्येक वाक्याला 'बाय' (म्हणजे 'अमक्याकडून') चिकटवायची सवय जडते. आता चादरीबद्दल लिहून बघा: 'सोलापुरी चादर्स आर वोव्हन ऑन लूम्स.' कोणी विणली हे इथे सांगायचंच नाही, म्हणून पॅसिव्ह, म्हणजे कर्मणी. हे कारण नुसत्या रूपांतरातून उमगत नाही. तसंच 'वीव्हिंग इज हार्ड वर्क' यात वीव्हिंग नामाचं काम करतं, म्हणून जेरंड. 'द मॅन वीव्हिंग द चादर' यात ते माणसाचं वर्णन करतं, म्हणून पार्टिसिपल. रूप एकच, काम वेगळं.

मोडल्ससाठी, म्हणजे मस्ट, मे अशा सहायक क्रियापदांसाठी तर रिकाम्या जागा मला फारच अपुऱ्या वाटतात. त्यापेक्षा सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला निघालेल्या धाकट्या भावाला सूचना लिहा: 'यू मस्ट होल्ड माय हँड', 'यू मे बाय वन टॉय'. सक्ती कुठली आणि परवानगी कुठली, लगेच कळतं. लिहिलेलं सरांकडून किंवा बाईंकडून तपासून मात्र घ्या. या वाक्यांची उत्तरं गाइडमध्ये सापडणार नाहीत.