चोर बाजारातलं जुन्या पोस्टरांचं दुकान: पोस्टर सोडा, खोके उपसा

मुंबईत मटन स्ट्रीटवरचं जुन्या सिनेमांच्या पोस्टरांचं दुकान आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण तक्रार पण करायचीय. पोस्टरसाठी जात असाल तर जपून. मला सत्तरच्या दशकातलं ओरिजिनल म्हणून 3500 ला जे गळ्यात मारलं ते घरी येऊन भिंगाखाली बघितलं तर घड्यांच्या रेषासुद्धा छापलेल्या निघाल्या 😅 म्हणजे जुन्या पोस्टरचा फोटो काढून नवीन प्रिंट. परत द्यायला गेलो तर दुकानवाले चाचा म्हणाले, मी तर "ओरिजिनल जैसा" बोललो होतो. काय बोलणार.

पण तरी मी परत जातो, ते मागच्या खोलीतल्या खोक्यांसाठी. तिथे गाण्यांच्या चोपड्या मिळतात, थिएटरबाहेर विकायचे त्या, मला एक 150 ला मिळाली. आत स्टोरी हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्लिश अशी चार लिप्यांत, आणि ऐन मोक्याच्या जागी कथा तोडून "बाकी पडद्यावर पाहा". एकाच सिनेमाने सगळा देश गाठायचा तर काय काय करावं लागायचं ते या चार पानांत दिसतं.

दुसरी वस्तू म्हणजे फिल्मचा गंजका गोल डबा, वर अर्धवट सोललेलं लेबल, "इंदू". हे बघून मी जागेवरच बसलो. आपल्याकडे सिनेमा 1913 पासून बनतोय पण ज्याच्यावर तो बनतो ती कच्ची फिल्म कित्येक वर्षं बाहेरून यायची. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः घडवला पण आत घालायची फिल्म परदेशीच. दुसऱ्या महायुद्धात टंचाई झाली तर सरकारने पिक्चरला 11,000 फुटांची मर्यादा घातली, म्हणजे दोन तासांत गाण्यांसकट सगळं आटपा. उटीला सरकारी कारखाना निघाला 1960 ला आणि माल यायला लागला 1967 ला, त्याचा ब्रँड हा इंदू. रंगीत फिल्मसाठी तरी पण बाहेरच बघावं लागायचं.

डबा रिकामाच होता. आतली रिळं कुठे गेली विचारलं तर चाचा म्हणाले चांदीवाले घेऊन जायचे, फिल्म धुऊन चांदी काढायची आणि उरलेल्या पट्टीच्या बांगड्या. आपले जुने मूकपट का मिळत नाहीत याचं निम्मं उत्तर इथेच मिळालं. डब्याचे 900 सांगितले, 600 ला दिला.

उधारी नाही, यूपीआय पण नाही, कॅश फक्त. मी कुरकुर केली तर म्हणाले पिक्चरचा धंदाच असा वाढलाय, बँक दारात उभं करत नव्हती, सावकाराकडून व्याजाने आणायचे. खरंय ते, सरकारने सिनेमाला उद्योग म्हटलं 1998 ला, तोपर्यंत सगळं असंच चाललेलं.

शुक्रवारी जाऊ नका, जुम्मा बाजाराच्या गर्दीत गल्लीत शिरता येत नाही. धुळीची ॲलर्जी असेल तर मास्क न्या, आणि खोके उपसताना चाचांना मध्ये मध्ये चहा विचारा, रेट खाली येतो.

पोस्टरला 1 स्टार, मागच्या खोलीला 5. डबा दोनदा घासला तरी झाकण उघडलं की व्हिनेगरचा वास येतो, फिल्म आत सडत पडली होती त्याचा. बायको म्हणते चिवडा ठेवायचा विचार सोड.