बोट गेलं, मग कागद आला: एका सल्लासेवेचा अनुभव

प्रेस मशीनमध्ये उजव्या हाताच्या तर्जनीचं नखाचं पेर गेलं. टाके सुकायच्या आतच घरी एक कागद आला: ‘माझे सर्व येणे मिळाले, काही तक्रार नाही.’ डाव्या हाताने सही केली तरी चालेल, असा निरोपही सोबत होता. त्याच रात्री फोनवर शोधता शोधता ही सेवा सापडली. कामावर इजा झालेल्यांना भरपाईचे नियम समजावून देतात, केस लढत नाहीत. आधी कागदांचे फोटो पाठवायचे, मग एक तासाचा व्हिडिओ कॉल.

कॉलवरच्या मॅडमनी सुरुवातीलाच अपघाताची नोंद मला मोठ्याने वाचायला लावली. ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे हात आत गेला.’ मी म्हटलं, हो मॅडम, घाई माझीच झाली. त्या म्हणाल्या, “दादा, चूक कुणाची ते मी विचारलंच नाही. काम करताना लागलं ना, तेवढं सांगा.”

एवढ्यासाठी तो तास वसूल झाला. पूर्वी मालकाची चूक कामगाराने सिद्ध करायची, नाहीतर हात हलवत परत जायचं. 1884 साली जर्मनीत अपघात विम्याचा कायदा आला आणि चूक कुणाची हा प्रश्नच बाजूला पडला. मला आधी हा इतिहास फाजील वाटला. पण आठ दिवस ‘माझीच चूक’ म्हणत तोंड लपवून बसलेल्या माणसाला त्याची गरज होती. मुद्दाम करून घेतलेली इजा, नशेत झालेला अपघात, असे अपवाद बहुतेक कायद्यांत असतात. घाई त्यात मोडत नाही.

उपचाराचा खर्च आणि कामावर नसतानाचा पगार, हे दोन भाग त्यांनी भराभर सांगितले. पगार पूर्ण मिळत नाही, काही हिस्साच मिळतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1964 च्या करारात बायको आणि दोन मुलं असलेल्या कामगारासाठी किमान 60 टक्के धरले आहेत, पण तो करार मान्य केलेल्या देशांनाच लागू. ‘पगार’ या शब्दात ओव्हरटाइम धरायचा की नाही हे आपापल्या कायद्यात बघायचं. मी पगाराच्या पावत्या जपून ठेवल्या होत्या, तेवढंच एक शहाणपणाचं काम.

खरा वेळ दिला तो कायमच्या नुकसानीवर. डॉक्टरांनी ‘कामावर रुजू होण्यास योग्य’ लिहिलं की हिशेब संपला, असं मी धरून चाललो होतो. तसं नाही. तिथे फक्त रजेच्या काळातला पगार थांबतो. गेलेल्या पेराचा हिशेब वेगळा, आणि तो जखम पुरती भरल्यावर होतो. काही कायद्यांत कुठल्या बोटाचे किती टक्के याचा तक्ताच असतो, काही ठिकाणी कमाई किती घटली ते बघतात. मॅडमनी विचारलं, आता काय जमत नाही? मी टेबलावरचा वॉशर उचलून दाखवला. अंगठा आणि मधल्या बोटात धरला, दोनदा पडला. “हे रोज वहीत लिहा, तारखेसकट.”

आता तक्रारी. माझे फोटो उघडण्यातच बारा मिनिटं गेली. रक्कम एकदम घ्यावी की दरमहा, हा घरात सगळ्यात जास्त वाद होणारा प्रश्न, तो शेवटच्या पाच मिनिटांत उरकला. नंतर आलेलं टिपण तर ‘अंशतः कायमस्वरूपी असमर्थता’ छाप भाषेत. जे मॅडमनी तोंडी सोपं केलं, तेच कागदावर पुन्हा अवघड. बायकोने दोनदा वाचलं आणि माझ्याकडे सरकवलं.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन तारे. दावा अजून चालू आहे, म्हणून पैशांबद्दल काही लिहीत नाही. तो सहीचा कागद तसाच कोरा आहे. कंपनीला अपघाताची लेखी सूचना दिली आणि पोच घेतली. कॉल घेणार असाल तर कागदांचे फोटो उजेडात, सरळ धरून काढा आणि एकदम-की-दरमहा हा प्रश्न सुरुवातीलाच विचारून टाका.