जर्मनीत गांजा: घरची तीन रोपे की लागवड संघटनेचे सभासदत्व?

जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून सज्ञान व्यक्तीला स्वतःच्या सेवनासाठी घरी गांजाची तीन रोपे वाढवता येतात, आणि १ जुलै २०२४ पासून परवानाधारक लागवड संघटनेचे सभासद होऊन तिच्याकडून गांजा घेता येतो. दोन्ही मार्गांना किमान सहा महिन्यांचे वास्तव्य लागते, त्यामुळे पुण्या-मुंबईहून नुकत्याच गेलेल्यांना थांबावेच लागते.

घरच्या लागवडीत लोक रोपे मोजतात. खरी काळजी मात्र काढणीनंतरच्या वजनाची घ्यायला हवी. घरात वाळलेला गांजा ५० ग्रॅमपर्यंतच ठेवता येतो, ६० ग्रॅमपर्यंतचे उल्लंघन दंडावर निभावते, आणि त्यापुढे तो फौजदारी गुन्हा ठरतो. चांगल्या उजेडात वाढलेली तीन रोपे एकदम काढली तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते, आणि जास्तीचा माल मित्राला फुकट देणेही कायद्याला मान्य नाही. तो नष्टच करावा लागतो. म्हणून एकेक रोप काही आठवड्यांच्या अंतराने लावणे मला शहाणपणाचे वाटते. रोपे आणि माल मुलांच्या किंवा इतर कोणाच्या हाती लागणार नाहीत अशी व्यवस्था करणे बंधनकारक आहे, आणि भाड्याच्या एका खोलीत लहान मूल असताना ती नीट पाळता येईल असे मला वाटत नाही. फुलोऱ्याच्या दिवसांत वास शेजाऱ्यांपर्यंत जातो, हेही आधीच विचारात घ्यावे.

संघटनेत हा व्याप बराच कमी होतो. दिवसाला २५ आणि महिन्याला ५० ग्रॅमपर्यंत मिळतात. १८ ते २१ वयोगटाला महिन्याला ३० ग्रॅमच, तेही टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) १० टक्क्यांपर्यंत असलेले. मालाची तीव्रता लिहिलेली असते, आणि नवख्या माणसासाठी हा मोठा फायदा आहे, कारण घरच्या फुलांची तीव्रता अंदाजानेच ठरते. मात्र एका वेळी एकाच संघटनेचे सभासद होता येते, किमान तीन महिने राहावे लागते, लागवडीच्या कामात हातभार लावावा लागतो आणि माल टपालाने येत नाही. एका संघटनेत ५०० जणांनाच जागा असते.

घरात मूल असेल तर मी संघटनाच निवडण्यास सांगेन. एकट्या, सवड असलेल्या माणसाने घरी लावावे. भारतात परतल्यावर मात्र गच्चीवर हा प्रयोग मुळीच करू नये: १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यानुसार गांजाच्या लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.