गाडीतलं सिम की खिशातला फोन?

इंटरनेटला जोडलेली गाडी घ्या किंवा साधी गाडी नि फोन, नकाशा दोन्हीकडे दिसतो. फरक आहे तो आपल्या माहितीचा लगाम कुणाच्या हातात याचा.

कंपनीने सिम बसवलेली गाडी ठिकाण, वेग, करकचून दाबलेले ब्रेक कंपनीला परस्पर कळवत राहते. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या ऑनस्टार सेवेतली अशी माहिती लेक्सिसनेक्सिस आणि व्हेरिस्क या माहिती विकणाऱ्या कंपन्यांमार्फत विमा कंपन्यांपर्यंत गेली. काहींचे हप्ते वाढले, तेव्हा कुठे २०२४मध्ये बोंब झाली. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने २०२३मध्ये गोपनीयतेसाठी तपासलेल्या गाड्यांच्या २५ ब्रँडपैकी एकही पास झाला नव्हता.

साध्या गाडीत फोनवर नकाशा लावला तरी गूगल माग काढतंच, ते काही साधू नाही. पण लोकेशन बंद करता येतं, फोन घरी ठेवता येतो. गाडीतलं सिम कुठे काढून ठेवणार? एअरबॅग उघडताच गाडीच मदत बोलावते, हा मात्र सिमचा खरा फायदा. तरी मी साधीच घेईन.