गोथेनबर्गमध्ये बाहेर जेवायचं: दुपारी की रात्री?

स्वीडनमधल्या या शहरातल्या चाल्मर्स तंत्रज्ञान विद्यापीठात शिकणाऱ्या भाचीने विचारलं, "मामा, महिन्यातून एकदाच परवडतं, मग दुपारी जाऊ की रात्री?"

पैशांत दुपार सरळ जिंकते. 'दागेन्स लुंच' म्हणजे त्या दिवसाचं ठरलेलं जेवण, सहसा सोमवार ते शुक्रवार, साधारण अकरा ते दोन. दीडशे स्वीडिश क्रोनरच्या आसपास मुख्य पदार्थ, आणि बहुधा त्यातच सॅलड, ब्रेड, कॉफी. रात्री बऱ्याच ठिकाणी नुसता मुख्य पदार्थच अडीचशेच्या पुढे जातो. टीपची सक्ती कधीच नाही.

निवडीत मात्र रात्र सरस. दुपारी दोन-तीनच पदार्थ. गुरुवारी तर अनेक ठिकाणी पिवळ्या वाटाण्याचं घट्ट सूप आणि मागून जॅमसोबत पॅनकेक. सूपमध्ये बहुतेकदा डुकराचं मांस असतं, तेव्हा शाकाहारी माणसाने आधी विचारावंच.

वेळेचं म्हणाल तर दुपारी अर्ध्या तासात मोकळे.

पोटभर आणि हिशेबात हवं असेल तर दुपार, विद्यार्थ्यांना मी हेच सांगेन. आई-बाबा आलेत, पश्चिम किनाऱ्याची ताजी कोळंबी निवांत सोलत गप्पा मारायच्यात, तर रात्रच. शुक्रवार-शनिवारी टेबल आधी राखून ठेवा.