क्यू आहे, पण त्याच्यानंतर यू नाही: झिझिवाच्या सहा महिन्यांच्या वापरानंतर

सहा महिने झिझिवा हा स्क्रॅबलचे शब्द शोधण्याचा आणि पाठ करण्याचा मोफत प्रोग्रॅम एकाच कामाला लावला होता. स्क्रॅबलसाठी ठरावीक लांबीचे, क्यू असलेले पण 'क्यू-यू' जोडी नसलेले शब्द काढायचे आणि पाठ करायचे. प्रोग्रॅम भक्कम आहे. चूक होते ती गाळणी लावताना, आणि बहुतेकांची यादी तिथेच अर्धवट राहते. म्हणून आधी तेच.

सर्च टॅबमध्ये एकेक अट जोडत जायचं. पहिली अट लेंग्थ: किमान ५, कमाल ५. दुसरी इन्क्लूड्स लेटर्स: क्यू. तिसरी पुन्हा इन्क्लूड्स लेटर्स: यू, आणि तिच्या नॉटवर खूण, म्हणजे हे अक्षर नको. आलेली यादी बघून समाधान वाटतं. फकीर, नकाब, तलाक सगळे हजर असतात. पण बुरखा नसतो! बी-यू-आर-क्यू-ए या शब्दात यू आहेच, फक्त तो क्यूच्या आधी आहे. हीच गाळणी इनुइट लोकांची कातडी होडी, यू-एम-आय-ए-क्यू, उडवते आणि तीन अक्षरांच्या यादीतून एस-यू-क्यू, म्हणजे अरबी बाजारही.

हे लक्षात आलं की लोक पॅटर्न मॅचकडे, म्हणजे अक्षरांच्या नमुन्यावरून शोधण्याकडे वळतात: तारांकन (कितीही, कोणतीही अक्षरं), क्यू, मग चौकटी कंसात 'यू सोडून काहीही', शेवटी तारांकन. बुरखा परत येतो, पण आता तलाक जातो. या नमुन्यात क्यूनंतर एक अक्षर असणं सक्तीचं आहे, त्यामुळे क्यूवर संपणारे सगळे शब्द गळतात: टी-ए-एल-ए-क्यू, टी-आर-ए-एन-क्यू, वरची ती होडी, तो बाजार. बरोबर मांडणी अशी: इन्क्लूड्स लेटर्समध्ये क्यू ठेवा, आणि पॅटर्न मॅचमध्ये तारांकन-क्यू-यू-तारांकन लिहून त्या अटीलाच नॉट करा. 'क्यू-यू' शेजारी असलेला शब्द नको, एवढंच त्यातून सांगितलं जातं. एकही शब्द हरवत नाही.

शोधाआधी लेक्सिकन, म्हणजे मान्य शब्दांची यादी कोणती निवडली आहे ते तपासा. भारतातल्या स्पर्धा कॉलिन्स यादीवर चालतात, अमेरिकेत वेगळी यादी आहे. दोन अक्षरी शब्दच घेतले तर २०१९च्या कॉलिन्समध्ये १२७ आहेत, २०१८च्या अमेरिकन यादीत १०७. क्यू-आय दोन्हींत चालतो. क्यू-आय-एन मात्र कॉलिन्सचा. अमेरिकन यादीवर खेळताना तो टाकलात तर आव्हान बसेल आणि खेळी वाया जाईल. इंटरनेटवर तयार मिळणाऱ्या 'अमुक अक्षर असलेले पाच अक्षरी शब्द' छाप याद्यांवर कुठल्या शब्दकोशाच्या ते लिहिलेलंच नसतं. त्या पाठ करू नयेत.

पाठांतरात आपल्याला एक फायदा आहे, तो पुरेपूर घ्यावा. यातले बरेच शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत आणि मराठी कानाला ओळखीचे आहेत: फकीर एफ-ए-क्यू-आय-आर, कुर्मा क्यू-ओ-आर-एम-ए, वक्फ डब्ल्यू-ए-क्यू-एफ, नमाजाची दिशा किब्ला क्यू-आय-बी-एल-ए. काझी येतो तो क्यू-ए-डी-आय या रूपात. तीच चार अक्षरं फिरवली की क्यू-ए-आय-डी, म्हणजे दुसरा शब्द. अनेकांना के घालून लिहिलेलं जोडरूपही आहे: फकीर, कुर्मा, बुरखा, तलाक, उमियाक दोन्हींनी चालतात. क्यू हातात नसेल तर के वापरता येतो, हे सामन्यात फार उपयोगी पडतं. पण हा नियम उलटा लावू नका. के असलेल्या प्रत्येक शब्दात क्यू बसत नाही, कबाब क्यूने लिहिता येत नाही. देशांची नावंही बाद: इराक, कतार, इराकी यांपैकी काहीच चालत नाही.

क्विझ टॅबमध्ये वर्ड लिस्ट रिकॉल हा प्रकार आम्ही पहिल्या महिन्यातच सोडला. यादी घडाघडा म्हणता येणं वेगळं आणि ए-ए-एन-क्यू-टी अशी विस्कटलेली अक्षरं समोर असताना क्यू-ए-एन-ए-टी, म्हणजे इराणी भुयारी पाट, दिसणं वेगळं. ॲनाग्राम क्विझ घ्या आणि ती कार्डबॉक्सवर चालवा. बरोबर उत्तर आलं की शब्द पुढच्या डब्यात जातो आणि उशिरा परत येतो, चुकला की थेट शून्य क्रमांकाच्या डब्यात. रोज पंधरा मिनिटं पुरतात. चार दिवस खंड पडला तर मात्र थकलेले शब्द एकदम अंगावर येतात, म्हणून सुरुवातीला एका वेळी एकाच लांबीची यादी घाला: दोन आणि तीन अक्षरी आधी, मग चार, मग पाच.

हूककडे, म्हणजे शब्दाला जोडून नवा शब्द करणाऱ्या अक्षराकडे, दुर्लक्ष करू नका. यादीत प्रत्येक शब्दाच्या डावी-उजवीकडे कोणतं अक्षर जोडता येतं ते दिसतं. क्यू-आयला डावीकडे कोणतंच अक्षर लागत नाही, उजवीकडे कॉलिन्समध्ये एन आणि एस लागतात. म्हणजे क्यू-आय खेळून तुम्ही प्रतिस्पर्ध्याला एन किंवा एसची एक जागा देता. ती शब्दाचे तिप्पट गुण देणाऱ्या घरावर पडते का, हे टाइल ठेवण्याआधी बघायचं.

या अभ्यासाचा सगळ्यात मोठा परतावा त्या दोन अक्षरांतच आहे. साध्या घरांवर क्यू-आय ११ गुणांचा. तोच क्यू अक्षराचे तिप्पट गुण देणाऱ्या घरावर, आडवा-उभा दोन्हीकडे आयला लागून बसला तर ३१ अधिक ३१, म्हणजे ६२. त्यापुढे सात अक्षरी कव्वाली, क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय, कॉलिन्समध्ये आहे आणि सातही टाइल एकदम लावल्याचा ५० बोनस धरून नुसत्या टाइलचे ७२ होतात, पण संचात डब्ल्यू दोनच असतात आणि दोन्ही एकाच वेळी हातात यावे लागतात. सात अक्षरी याद्यांवर वेळ घालवण्याआधी पाच अक्षरी पक्के करा.

आणि क्यू हातात असताना पिशवीतल्या टाइल मोजत राहा. हातातल्या टाइलची बदली पिशवीत किमान ७ टाइल असतील तरच करता येते. संचात यू चारच, कोणतंही अक्षर म्हणून चालणाऱ्या कोऱ्या टाइल दोन. त्या पटावर गेल्या आणि मोकळा आयही उरला नाही, तर शेवटी हातात राहिलेला क्यू तुमचे १० कमी करतो आणि समोरच्याचे १० वाढवतो.