बखोटीला धरायची सोय: कुत्र्यांच्या लाइफ जॅकेटचा सात महिन्यांचा अनुभव

जॅकेटं घेतली तेव्हा हिशेब सरळ होता. कुत्रं पाण्यात पडलं तर तरंगलं पाहिजे. सात महिन्यांत आमच्या दोन कुत्र्यांपैकी एक, तेही एकदाच, पाण्यात गेला. पाठीवरचं हँडल मात्र दिवसातून चार वेळा तरी हातात आलं, आणि आज जॅकेट घ्यायला निघालेल्या कुणालाही मी आधी हँडलच ओढून बघायला सांगेन.

आमचं बिऱ्हाड असं: ३६ फुटी जुनी शिडाची बोट, नवरा, मी, ३१ किलोचा लॅब्रडॉर ढब्बू आणि ७ किलोची चिंगी, आखूड पायांची नि लांबुडक्या अंगाची. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मेरीलँडमधल्या अॅनापोलिसहून निघालो. चेसापीकच्या उपसागरातून रमतगमत नॉरफोकला आलो, कारण वादळांचा मोसम ३० नोव्हेंबरपर्यंत धरतात आणि १ नोव्हेंबरच्या आधी नॉरफोकच्या दक्षिणेला जायचं नाही अशी आमच्या विम्याची अट होती. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागून, खाड्या आणि कालवे जोडत जाणारा जो आतला जलमार्ग आहे त्याचा शून्य मैल नॉरफोकला. मायामी तिथून जवळजवळ ११०० मैल. माझं माहेर हर्णैचं, बंदरावरच वाढले. तरी कुत्र्यांना जॅकेट घेतल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "अगो, आपल्याकडे तांडेलाच्या अंगावर नसतं, आणि तुझ्या कुत्र्यांना?" मला काही धड उत्तर सुचलं नाही.

माप वजनावरून घेऊ नका. आम्ही चिंगीचं तसं घेतलं, ते परत पाठवावं लागलं. छातीचा घेर, पुढच्या पायांच्या लगेच मागून, टेपने मोजायचा. आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. इथलं कोस्ट गार्ड माणसांच्या जॅकेटांना मान्यता देतं, कुत्र्यांच्या नाही. म्हणजे किती वजन तरंगेल हा निव्वळ कंपनीचा शब्द. तेव्हा निघायच्या आधी शांत पाण्यात घालून बघा. आमच्या चाचणीत चिंगी लाकडाच्या ओंडक्यासारखी आडवी तरंगली. ढब्बूचा पुढचा भाग वर आणि ढुंगण खाली, पण तो मुळात पोहणारा, त्याचं अडलं नाही.

आता रोजचं. बोट नांगरावर असली की सकाळ-संध्याकाळ कुत्र्यांना किनाऱ्यावर न्यावंच लागतं. म्हणजे बोटीतून रबरी डिंगीत, डिंगीतून वाळूत किंवा चिखलात, आणि सगळं उलट परत. पावसातही. चिंगीला भाजीच्या पिशवीसारखं एका हाताने उचलता येतं. ढब्बूच्या मापाला दोन हँडलं आहेत. तो पुढचे पाय शिडीवर टेकवतो, मग मागच्या हँडलला धरून बाकीचा ढब्बू वर ढकलायचा. माझी पाठ सात महिने टिकली ती या मागच्या हँडलमुळे. एकच हँडल असलेलं मोठं जॅकेट दिसलं तर सोडून द्या. हँडलला सुट्टी मिळाली ती डिस्मल स्वॅम्पच्या २२ मैलांच्या कालव्यात. हा कालवा गुलामांकडून खणून घेतला आणि १८०५ मध्ये खुला झाला. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, बोट थेट धक्क्याला लागते, कुत्री आपली आपण उडी मारून झाडाखाली.

ढब्बू पडला तो साउथ कॅरोलिनातल्या एका खाडीत. खरं तर पडला नाही, डॉल्फिन बघून त्याने उडी मारली. ओहोटी जोरात होती. तो बोटीकडे पोहत होता आणि तरी बोटीपासून लांब जात होता. नवऱ्याने आंबे काढायच्या आकडीसारखी बोटीवरची लांब आकडी पुढच्या हँडलमध्ये अडकवली आणि ओढलं. वर घेताना हँडलची एका बाजूची शिवण अर्धी उसवली. तेवढ्यात तो हाताला लागला म्हणून निभावलं. नंतर बघितलं तर ती पट्टी नुसत्या वरच्या कापडाला शिवलेली, पोटाखालून जाणाऱ्या पट्ट्याला जोडलेलीच नाही. शीड शिवायच्या मेणाच्या दोऱ्याने मी ती पट्ट्यापर्यंत नेऊन शिवली, ती आजही पक्की आहे. नव्वद डॉलरच्या वस्तूत हे माझ्या हाताने करावं लागलं, याचा राग अजून गेलेला नाही. कंपनीला फोटो पाठवले होते. उत्तरात पुढच्या खरेदीवर सवलत आली.

जॉर्जियात भरती-ओहोटीत सात ते नऊ फुटांचा फरक पडतो, ओहोटीला नुसता गाळ आणि पंजे कापणारे कालवांचे शिंपले. म्हणून चार्ल्सटनहून बाहेरच्या समुद्राने, सुमारे तीस तास न थांबता गेलो. पुढच्या डेकवर कृत्रिम हिरवळीचा तुकडा, कोपऱ्याला दोरी, वापरून झालं की समुद्रात खळबळून घ्यायचा. चिंगीने दहाव्या तासाला वापरला. ढब्बूने त्याच्याकडे बघून तोंड फिरवलं आणि थेट जॉर्जियाच्या दक्षिण टोकाच्या कंबरलँड बेटापर्यंत धीर धरला. या बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीत कुत्र्यांना घेत नाहीत. स्वतःच्या बोटीने आलात तर साखळीवर चालतात. तिथे रानटी झालेले घोडे फिरतात, पण ढब्बूचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. पहिल्याच ओकच्या झाडापाशी तो इतका वेळ उभा राहिला की आम्ही दोघं हसून हसून वाळूत बसलो.

बाकी कुरबुरी थोडक्यात. मिठाने वेल्क्रो दोन महिन्यांत निकामी झाला, बकलं टिकली. दोरी अडकवायची कडी स्टीलची म्हणून सांगितली होती, तिला डिसेंबरात गंज. चिंगीच्या काखेतले केस घासून गेले, तिथे जुन्या टीशर्टची पट्टी शिवली. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्यातून काढावं लागतं, आणि टाकीतलं गोडं पाणी मोजकं असताना ते जिवावर येतं. फ्लोरिडात दुपारी जॅकेटात ढब्बू इतका धापा टाकायचा की नांगरावर असताना आम्ही ते काढूनच ठेवत होतो. गोड्या पाण्यात तर जॅकेट असो-नसो, सोडायचंच नाही. तिथे मगरी आहेत. आणि कडीला बांधायची दोरी आखूड हवी, नाहीतर कुत्रं बोटीबाहेर लटकेल.

आता परतीच्या वाटेवर फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनला आहोत. चिंगीचं जॅकेट चालेल, ढब्बूसाठी दुसऱ्या घडणीचं मागवलंय, हँडल पोटाच्या पट्ट्यातूनच निघालेलं. रंग पुन्हा केशरी, लाटांत निळं काही दिसत नाही. एकच धास्ती आहे. जुन्या बकलाचा टक्‌ आवाज आला की दोघं झोपेतून उठून बोटीच्या मागच्या टोकाला जाऊन उभी राहतात. नव्याला झिप आहे.